भांडणापुरता श्वास

माझ्या मामाला लॉन्ड्रीत कुणी नावानं हाक मारली असेल, असं मला वाटत नाही. तिथे तो टिचकीमास्तर होता. लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी ट्रक भरून यायच्या आणि ट्रक भरून परत जायच्या, एवढं मोठं प्रकरण. धुणं, वाळवणं, इस्त्री, सगळं वाफेवर चालायचं. ती वाफ करणारा बॉयलर मागच्या अंगाला वेगळ्या खोलीत होता आणि ती खोली मामाच्या ताब्यात होती.

बॉयलरवर वाफेचा दाब दाखवणारं एक पितळी गेज होतं, ताटाएवढं. त्याच्या काट्याकडे नुसतं बघून मामा कधी विश्वास ठेवायचा नाही. आधी काचेवर बोटानं टिचकी मारायची, काटा थरथरून आपल्या जागी येऊ द्यायचा, आणि मगच वाचायचं. कारण काटा अडकतो. दाब कधीचा उतरलेला असतो आणि काटा आपला जुन्याच जागी ऐटीत उभा. 'टिचकीला जो हलत नाही तो काटा खोटा,' हे मामाचं ब्रह्मवाक्य होतं आणि ते त्यानं आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की आम्ही त्याच्या आधी म्हणून टाकायचो.

बरं, ही सवय बॉयलरच्या खोलीत राहिली असती तर गोष्ट वेगळी. मामा भिंतीवरच्या घड्याळाला टिचकी मारायचा. वाण्याच्या तराजूला मारायचा, आणि वाणी वस्सकन अंगावर यायचा. लहानपणी मला ताप आला की थर्मामीटरलाही टिचकी. मी रुसले तर माझ्या नाकाला.

आता ही टिचकी मुळात कुणाची, यावर त्या घरात लग्नाआधीपासून भांडण होतं.

मामी त्याच लॉन्ड्रीत वाफेच्या प्रेसवर होती. एकदा तिच्या प्रेसखालून चादरी ओलसरच निघायला लागल्या. मुकादम तिलाच बोलला. मामी तडक बॉयलरच्या खोलीत गेली आणि तोपर्यंत ज्याच्याशी ओळखही नव्हती अशा मामाला तिनं विचारलं, वाफ कुठे गेली म्हणून. मामानं गेजकडे बोट दाखवलं. "दाब भरपूर आहे. तुमचेच हात मंद असतील." मामीनं रागारागानं त्या काचेवर टिचकी मारली आणि काटा सरळ खाली आला.

ही मामीची हकीकत. मामाची हकीकत अशी की टिचकी तो पहिल्यापासूनच मारायचा, त्या दिवशीही मारणारच होता, तेवढ्यात ही मध्ये आली.

"मारणार होते म्हणे," मामी म्हणायची. "दोन्ही हात खिशात होते यांचे. मी डोळ्यांनी बघितलेत."

"अगं, एक हात बाहेर होता."

"खिशात होते. दोन्ही."

मग त्यांचं लग्न झालं आणि भांडायची कायमची सोय झाली. मूलबाळ काही झालं नाही. त्याचं दुःख त्यांनी कधी चारचौघांत मांडलं नाही, पण माझ्या आईनं मला सुट्टीत त्यांच्याकडे पाठवलं की परत पाठवताना दोघंही काहीतरी कारण काढून एखादा दिवस लांबवायचे. मामा अबोला धरून बसला की मामी त्याच्या कपाळावर टिचकी मारायची. "वाफ किती चढलीय बघते." त्याला हसू फुटायचं. मग ती माझ्याकडे वळून जाहीर करायची, "हलला गं काटा. अजून जिवंत आहेत."

पुढे लॉन्ड्रीत विजेवर चालणारी मशीनं आली. बॉयलर गॅसकटरनं कापला आणि तुकडे करून भंगारात गेला. मामाला घरी बसवलं. मामीचं काम त्याआधीच सुटलं होतं, तिला दम लागायचा आणि प्रेसजवळ उभं राहवायचं नाही. मामानं भंगारवाल्याशी हुज्जत घालून ते गेज तेवढं मागून आणलं, जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवलं, आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसला. असा बसला की दिवसभरात चार वाक्यं बोलायचा नाही.

मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायला गेले होते. एका नाटक कंपनीत मला काम लागलं होतं, रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू करायचं. तलवारी, मुकुट, खोटी फळं. आमच्या दिग्दर्शकाच्या डोक्यात त्या वर्षी स्टीमपंक शिरलं होतं. नाटकात एक जहाज ढगांतून जायचं होतं आणि त्याला ते वाफेवर चालणारं, पितळेचं, चाकाचाकांचं हवं होतं. मी घरी बसून टोप्यांवर दातेरी चाकं चिकटवत होते. जुन्या घड्याळांतली चाकं, पुठ्ठ्याची चाकं, सोनेरी रंग दिलेली बाटल्यांची बुचं. मामा खुर्चीतून बघत होता. बऱ्याच वेळानं उठला, एक टोपी उचलली.

"हे चाक कुणाला फिरवतं?"

"कुणालाच नाही. शोभेचं आहे."

"मग ते चाक नाही. बिस्कीट आहे."

मला राग आला. मी हातातला गोंद खाली ठेवला आणि त्याला समजावून सांगायला बसले. म्हटलं, मामा, हा एक प्रकार आहे. गोष्टी लिहिणारे, चित्रं काढणारे, कपडे शिवणारे कितीतरी लोक यात रमतात. असं समज की वाफेचं युग संपलंच नाही. वीज आलीच नाही, किंवा आली तरी तिला कुणी विचारलं नाही. सगळं वाफेवरच पुढे गेलं. विमानं वाफेवर, घड्याळं वाफेवर, चंद्रावरसुद्धा माणूस कोळसा भरत भरत गेला. तसं जग कसं दिसेल, हे करून बघायचं.

मामा टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"म्हणजे माझी नोकरी गेलीच नाही, असं जग," तो म्हणाला.

मी हसले. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी खुर्ची होती, मामा नव्हता. तो भंगारबाजारात गेला होता. पिशवी भरून नळ, व्हॉल्व्ह, तांब्याच्या नळ्या घेऊन आला आणि गॅलरीत त्यानं पाना-पकडी मांडली. मामीनं कमरेवर हात ठेवून तो पसारा बघितला आणि मला म्हणाली, "यांना बिनपगारी नोकरी लावलीस गं बाई. उपकार झाले. नाहीतर मी उद्या त्या खुर्चीसकट विकणार होते."

त्यानं एक दिवा केला. व्हॉल्व्हचं चाक फिरवत जाल तसा उजेड वाढायचा. एक टोपी केली. हनुवटीखालची दोरी ओढली की वरची चाकं एकमेकांना फिरवायची, झाकण उघडायचं आणि बारीक शिट्टी वाजायची. कंपनीत सगळे ती बघायला जमले. दुसऱ्याच प्रयोगाला नटानं ती उलटी घातली आणि दोरी तोडली, पण तो भाग सोडून देऊ. मामाला मी त्याच्या पन्नाशीनंतर प्रथमच शीळ घालताना ऐकत होते. त्याची अट एकच. जे फिरत नाही ते चाक लावायचं नाही. जो काही दाखवत नाही तो काटा लावायचा नाही.

मी वाद घालायची. म्हणायची, "मामा, नाटकात सगळं खोटंच असतं. खोट्यातूनच खरं सांगायचं असतं."

"ते तुमचं तुम्हाला लखलाभ. माझ्या हातून खोटा काटा होणार नाही."

मामी आतून ओरडायची, "काट्याचं कौतुक यांना. टिचकी मारायला कुणी शिकवलं ते विचार."

मग मामीचा दम वाढला. आधी जिना चढताना लागायचा, मग बादली उचलताना, मग नुसतं बोलताना. डॉक्टरीणबाईंनी छातीचे फोटो बघितले आणि सांगितलं की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. ती पुन्हा मऊ होत नाहीत. मामानं विचारलं, "म्हणजे दुरुस्ती नाही?" त्या म्हणाल्या, "नाही. पण त्रास कमी ठेवता येईल." जिना उतरताना मामानं कठड्याच्या प्रत्येक खांबाला टिचकी मारली. मी त्याच्या मागून चालत होते.

घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, भाड्यानं. पांढऱ्या प्लास्टिकचं, चाकांवरचं, दिवसभर घुरघुरणारं. त्याची नळी मामीच्या नाकाला. आणि बोटाला लावायचा एक चिमटा, त्यावर लाल आकडा. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते तो सांगायचा. मामीची नजर त्या आकड्यावरून हलेना. आकडा एकानं उतरला की ती घाबरायची, घाबरली की श्वास चढायचा, श्वास चढला की आकडा आणखी उतरायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सारखं बघू नका.

"न बघता मला करमत नाही," मामी म्हणाली. "आणि बघितलं की जीव जातो. हे आकडे नुसते उड्या मारतात हो. काटा बरा असतो. येताना दिसतो, जाताना दिसतो. आकडा मेला एकदम अंगावर येतो."

मामा उठला आणि पलंगाखालून चादरीत गुंडाळलेलं गेज काढलं.

आमच्या कंपनीतला लाइटवाला वायरिंगमध्ये हुशार. त्यानं त्या चिमट्याची वायर गेजमध्ये घेतली आणि आत एक छोटी मोटर बसवली, चिमट्यावरचा आकडा हलेल तसा काटा हलावा म्हणून. चिमट्यावरच्या लाल आकड्यावर आम्ही काळी पट्टी चिकटवून टाकली. ते चाललं, पण मामाला पसंत पडेना. मोटरनं काटा ठोकळ्यासारखा हलत होता आणि काचेवर टिचकी मारली तर ढिम्म. "मेलेला काटा मला नको," मामा म्हणाला. त्यानं काट्याच्या बुडाशी केसाएवढी बारीक स्प्रिंग बसवली. आता टिचकी मारली की काटा पूर्वीसारखा थरथरायचा आणि मग स्थिर व्हायचा. ते काम बघून लाइटवाल्यानं मामाच्या हाताला हात लावून नमस्कार केला आणि मामा लाजला.

गेजची तबकडी मी रंगवली. आकड्यांच्या जागी काय लिहायचं ते मामीनं उशीला टेकून सांगितलं. सगळ्यात वर 'धावायचा श्वास'. त्याखाली 'गाण्याचा श्वास'. मग 'भांडणापुरता श्वास'. आणि अगदी खाली, लाल पट्ट्यात, 'गप्प बसायचा श्वास'. डॉक्टरीणबाईंनी जेवढा आकडा पुरे म्हणून सांगितला होता, तो बरोबर भांडणापुरत्या श्वासावर येत होता.

"पहिले दोन माझ्या कामाचे नाहीत," मामी म्हणाली. "पण असू देत. शोभेला. यांना म्हणावं, ही दोन बिस्किटं चालवून घ्या."

यंत्राभोवती मामानं लाकडाचं आणि तांब्याच्या नळ्यांचं एक मखर केलं. सगळ्या बाजूंनी जाळी, कारण यंत्रालाही हवा लागते. त्यावर ते गेज, पलंगाच्या डाव्या अंगाला, मामीच्या हाताशी येईल अशा उंचीवर. ती लहानशी खोली जहाजाच्या कप्तानाची झाली. माझ्या नाटकाच्या पेटीतला पितळी कडांचा चष्मा मामीनं मागून घेतला आणि घालून बसली. शेजारणी भेटायला आल्या की म्हणायची, "या, या. कोळसा आणलाय का?" डॉक्टरीणबाईसुद्धा पहिल्यांदा बघून दारातच थांबल्या आणि मोठ्यानं हसल्या.

रोज सकाळी मामा हात धुऊन यायचा, काचेवर टिचकी मारायचा, काटा थरथरून थांबला की वाचायचा. "भांडणापुरता आहे."

"मग बसा," मामी म्हणायची. "काल चहा कुणी केला होता? साखरेशी वैर होतं का त्याचं?"

आणि दिवस सुरू व्हायचा. ते दिवस चांगले होते. मी आता हे लिहितानाही तेच म्हणेन.

पण दुखणं काही मखराला भुलत नाही. काटा हळूहळू लाल पट्ट्याकडे सरकायला लागला. सकाळी मामा टिचकी मारायचा आणि काटा थरथरून आणखी थोडा खालीच थांबायचा. मामा तरीही जे दिसेल तेच वाचायचा, त्याची जीभ खोटं वाचायला वळायचीच नाही. "जरा खाली आहे," म्हणायचा. मामीचे डोळे त्या काट्यावर खिळलेले असायचे. चादर मुठीत धरलेली असायची. तिला औषधं होती, यंत्र पूर्ण जोरावर चालू होतं, त्यापुढे काही नव्हतं. डॉक्टरीणबाई आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आता तो आकडा चढणार नाही. त्यांना भीती वाटू नये, एवढंच आपल्या हातात आहे."

मामानं मान हलवली. त्या गेल्यावर तो बराच वेळ ओट्याशी उभा होता. मी भांडी घासली, तरी तो तिथेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तालमीहून लवकर आले. मामीला डोळा लागला होता. गेज मखरावर नव्हतं. मामा स्वयंपाकघरात खाली बसला होता, गेज मांडीवर, मागचं झाकण उघडलेलं, वायर सोडवून बाजूला ठेवलेली. त्याच्या हातात माझी गोंदाची ट्यूब होती. टोप्यांवर चाकं चिकटवायची, तीच. त्यानं काटा भांडणापुरत्या श्वासावर आणला होता आणि गोंद धरेपर्यंत बोटाच्या टोकानं तिथे दाबून ठेवला होता.

त्यानं माझ्याकडे बघितलं. "काही बोलू नकोस," तो म्हणाला.

त्याच्या बोटाला गोंद लागला होता. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

मामी उठली तेव्हा गेज जागेवर होतं. मामानं सांगितलं, काटा घासत होता, मोकळा केला. मामीनं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"चढला की," ती म्हणाली.

"चढणारच. घासत होता तो."

त्यानंतर ती खरंच शांत झाली. चादरीवरची मूठ सुटली. श्वास होता तेवढाच होता, पण त्याच्यामागे धावणं थांबलं. मला वाटलं, मामाचं खोटं लागू पडलं. मामा रोज सकाळी हात धुऊन यायचा, दारातूनच बघायचा आणि म्हणायचा, "भांडणापुरता आहे." आणि मामी दोन-तीन शब्दांत का होईना, भांडायची. "चहा... पाणचट." किंवा, "शर्ट... उलटा." मामा शर्ट बघायचा, तो सुलटाच असायचा, आणि तरी तो बदलून यायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी शांत माणसं मी या आजारात फार थोडी बघितलीत. मामानं ते ऐकलं आणि मान खाली घातली.

दुपारी मी मामीच्या हातांना मलम चोळायची. बोटं कोरडी पडून तडकत होती. चोळून झालं की ती म्हणायची, "जा आता. मी... पडते."

एका संध्याकाळी मामा तिला चमच्यानं पाणी पाजत होता. तिनं हात उचलला. उचलायलाच केवढा वेळ लागला. त्याच्या कपाळावर तिनं टिचकी मारली, म्हणजे मारल्यासारखं केलं, बोट नुसतं टेकलं.

"तुमचा... काटा... तरी हलतो," ती म्हणाली.

मामा हसला. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "आज मस्करी केली तिनं. मला वाटतं, थोडं बरं आहे." आणि त्यानं दारातून गेजकडे बघितलं. स्वतः गोंदानं चिकटवलेल्या काट्याकडे तो आशेनं बघत होता. मला ते बघवलं नाही.

मामी सकाळी गेली, उजेड खोलीत पुरता आल्यावर. मामानं तिचा हात धरला होता, मी पायांशी होते. यंत्र घुरघुरतच होतं. काटा भांडणापुरत्या श्वासावरच उभा होता. मामानं उठून यंत्र बंद केलं. घरात इतकी शांतता झाली की खालच्या रस्त्यावर कुणी सायकल उभी केली तेही ऐकू आलं. काटा तिथेच होता. मामानं पलंगाच्या पायथ्याची चादर ओढली आणि त्या गेजवर टाकली.

सगळं उरकल्यावर माणसं आपापल्या घरी गेली. माझी आई राहिली थोडे दिवस, मग तीही गेली. मामा पुन्हा खिडकीशी खुर्चीत. ही खुर्ची आधीचीच होती, पण आता आतून ओरडणारं कुणी नव्हतं. गॅलरीतल्या हत्यारांना त्यानं हात लावला नाही. एकदा एवढंच म्हणाला, "जन्मात एक खोटा काटा केला, तोही तिच्यासाठी. तिनं एकदासुद्धा संशय घेतला नाही गं. विश्वास होता तिचा माझ्यावर. फसवलं मी तिला."

मी म्हटलं, "मामा, तिची भीती गेली ना."

"फसवूनच गेली ना पण."

त्याच्यासाठी ते एवढं सोपं होतं, काटा खरा किंवा खोटा. मी खोट्या वस्तू करून पोट भरणारी, माझ्या सांगण्याला वजन कुठलं.

यंत्र परत न्यायला माणूस येणार होता, म्हणून मखर सोडवायला हवं होतं. मी म्हटलं, मी करते. मामा म्हणाला, नको, मी बांधलंय, मीच सोडवतो. दुपारचं ऊन पलंगावर तिरपं येत होतं. त्यानं चादर काढली, गेजचे स्क्रू सैल केले, आणि ते मांडीवर घेण्यासाठी उन्हात तिरकं केलं. तसाच थांबला.

"इकडे ये," तो म्हणाला. "हे काय आहे बघ."

मी जवळ गेले. काच इतर सगळीकडे धुळीनं मळलेली, पण खालच्या कडेशी, डाव्या बाजूला, एका जागी बोटाच्या पेराएवढा दुधट डाग होता. मलमाचा. एक ठसा नव्हता तो. ठशावर ठसा, त्यावर ठसा, असे किती तरी, सगळे एकाच जागी. मामीचा हात पलंगावरून जिथे पोचत असेल, बरोबर तिथे.

मामानं त्या डागाला बोट लावलं नाही. त्याच्याशेजारी, काचेच्या कोऱ्या भागावर त्यानं टिचकी मारली. काटा हलला नाही. त्यानं परत मारली.

"रोज वाजवून बघत होती," तो म्हणाला. "तिला माहीत होतं. मला म्हणाली, चढला की. आणि माहीत होतं तिला."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मीच थांबवली ना टिचकी," तो म्हणाला. "मेलेल्या काट्याला मारवेना मला. दारातून वाचायला लागलो. तिथेच पकडलं तिनं. ज्यानं तराजूला सोडलं नाही तो माणूस दारात उभा राहून वाचतोय म्हणजे काय, ते तिला कळणार नाही? आणि त्या संध्याकाळी म्हणाली, तुमचा काटा तरी हलतो. मी हसलो गं. मला वाटलं, मस्करी."

तो रडायला लागला. मामाला मी तोवर कधी रडताना बघितलं नव्हतं, मामी गेली त्या दिवशीसुद्धा नाही. तोंडावर हात न घेता, गेज मांडीवर धरून, तो रडत राहिला. घाबरायचं थांबवून ती त्याला सांभाळत होती, आणि त्याला वाटत होतं की तो तिला सांभाळतोय. हे आम्हा दोघांनाही एकदमच कळत होतं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. यंत्र न्यायला माणूस आला होता. मामानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. काच तेवढी पुसली नाही. गेज त्यानं त्याच जुन्या चादरीत गुंडाळलं, डागाची बाजू वर ठेवून.

"हात खिशातच होते माझे त्या दिवशी," तो म्हणाला. "दोन्ही. टिचकी तिचीच."

घरात ते ऐकायला मी एकटीच होते.